जाळीतली विभूती

चपलांची रांग सहाव्या मजल्यावरून सुरू होऊन चौथ्या मजल्यापर्यंत उतरली होती. चंदनसारच्या त्या इमारतीत, सुधाकर पेडणेकरांच्या ६०३ क्रमांकाच्या घरात, गुरुवारच्या त्या तिन्हीसांजेला तीळ ठेवायला जागा नव्हती. हॉलमधल्या पन्नासेक माणसांच्या माना वर वळल्या होत्या. सारे पाहत होते छतातल्या ताटाएवढ्या गोल, पांढऱ्या जाळीकडे.

प्राणनाथ महाराजांनी तीनदा शंख फुंकला. क्षणभर काहीच घडले नाही. मग जाळीतून धुपाचा दाट वास उतरला आणि त्यामागोमाग पिठाहून बारीक, करडी भुकटी तरंगत खाली आली.

"विभूती! विभूती!" बायकांनी पदर पसरले. एका गृहस्थाने तर तोंडच उघडले.

"हे यंत्र नव्हे," महाराज गरजले, "हे या वास्तूचं नाक आहे, आणि मी त्यात प्राण भरला आहे! दम्याला डॉक्टर तुम्हांला काय देतो? पंप! अरे, पंप विहिरीला लावतात. तुम्ही काय विहिरी आहात?"

हशा पिकला.

"ऑक्सिजनमधला 'ओ' कुठून आला? ओंकारातून! पुढच्या गुरुवारी ज्याला ज्याला दमा आहे त्यानं आपला पंप घेऊन यावं. विभूती घ्यायची, आणि पंप पापडखिंडीच्या धरणाच्या पाण्यात सोडायचा. कायमचा!"

दाराशी उभ्या असलेल्या सुधाकरांनी गर्दीतून पुढे पाहिले. जाळीच्या बरोबर खाली, मानाच्या पाटावर, त्यांची नऊ वर्षांची नात खुशी बसली होती. तिच्या केसांवर राख पडली होती, आणि ती खोकत होती.

या साऱ्याची सुरुवात एका उदबत्तीने झाली होती.

हमरस्त्यावरचे डंपर आणि खडीच्या खाणींची धूळ यांपायी पेडणेकरांच्या खिडक्या बारा महिने बंद असत. बंद घरात हवा कोंदे, भिंतींना बुरशी धरे आणि खुशीचा दमा उचल खाई. अखेर सुधाकरांचा मुलगा हर्षवर्धन आणि सून ज्ञानदा यांनी दिवाळीनंतर हवा खेळती ठेवणारे यंत्र बसवून घेतले. ते बसवायला वसईहून स्टॅनी नावाचा कारागीर आला. त्याने पॅसेजच्या खोट्या छतात पांढरी पेटी टांगली, स्वयंपाकघरामागच्या, धुणीभांड्यांच्या छोट्या ड्राय बाल्कनीच्या भिंतीला भोक पाडून बाहेरची हवा आत घेणारा पाइप जोडला, आणि आतली हवा बाहेर टाकणारा पाइप दूरच्या भिंतीतून काढला. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही पाइपांना बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिला.

"काका, यात जादू काय नाय," तो म्हणाला होता. "शिळी हवा आणि ताजी हवा या ठोकळ्यातून जातात, पण पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी. एकमेकींत मिसळत नाहीत. जाता जाता शिळी हवा आपल्या एसीचा गारवा तेवढा ताज्या हवेला देऊन जाते. धूळ या फिल्टरमध्ये अडकते. तो तीन महिन्यांनी साफ करायचा. तेवढं विसरलात तर सगळं फुकट."

काम संपल्यावर वाऱ्याची दिशा तपासायला त्याने उदबत्ती पेटवली आणि एकेका जाळीखाली धरली. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात धूर वर ओढला गेला. हॉलमध्ये आणि झोपायच्या खोल्यांत खाली ढकलला गेला. सुधाकरांच्या पत्नी आशालताबाई हे दारातून पाहत होत्या. परक्या धर्माचा मुलगा आपल्या घरात एवढ्या मनोभावे उदबत्ती ओवाळतो आहे, असे वाटून त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून देव्हाऱ्यापाठोपाठ जाळीलाही उदबत्ती मिळू लागली.

महिन्याभरात खुशीचा खोकला उतरला. आशालताबाईंनी ते भजनी मंडळात सांगितले. मंडळातून ते महाराजांच्या कानी गेले, आणि त्यांची गुरुवारची बैठक पेडणेकरांच्या हॉलमध्ये भरू लागली.

सुधाकर गप्प राहिले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षे मदतनीस म्हणून काढली होती. चंचुपात्रे धुवायची, प्रयोग मांडून द्यायचा आणि मागे उभे राहायचे. निष्कर्ष सांगायचे ते सरांनी. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. शिवाय पोरगी खरोखर बरी झाली होती. बऱ्या झालेल्या पोरीच्या आजीशी वाद कोण घालणार?

पण विभूती पडली त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी खुशी शाळेतून आली ती भिंत धरत. तिच्या छातीतून बारीक शिटीसारखा सूर येत होता.

"आजोबा, माझा पंप कुठेय?"

सुधाकरांनी खण उघडला. खण रिकामा होता.

"आशा, पंप?"

आशालताबाईंनी नजर चुकवली. "महाराजांच्या तबकात ठेवले, ते घेऊन गेले. आठ दिवस झाले."

"दोन्ही? रोजचाही? आणि ज्ञानदा रात्री विचारते तेव्हा?"

"दिला म्हणून सांगते." त्यांनी खण ढकलून बंद केला. "अहो, मी तिचं वाईट चिंतीन का? इतके महिने बरी होती ना ती? कशानं होती, सांगा!"

सुधाकरांनी पायांत चपला सरकवल्या. ते तडक औषधांच्या दुकानात गेले. डॉक्टरांना फोन लावून नवा पंप आणला आणि नळीतून खुशीला दिला. धाप थोडी खाली बसली. डॉक्टरांनी बजावले होते: धुरापासून लांब ठेवा आणि सात वाजता दवाखाना उघडला की घेऊन या.

साडेसहालाच घर भरले. सुधाकरांनी खुशीला झोपायच्या खोलीत नेऊन दार लावून घेतले. बाहेर तबकात लोकांचे पंप जमा होत होते. इमारतीत धुणीभांडी करणारी, चंदनसारच्या जुन्या गावातली शकू हिनेही आपला पंप कपाळाला लावून त्यात ठेवल्याचे त्यांनी पाहिले होते.

शंख वाजला. आणि खोलीतल्या जाळीतूनही धूप उतरला.

सुधाकर वर पाहतच राहिले. खुशीच्या उशीवर करडी राख पडत होती. हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते: यंत्र एकच होते, आणि त्याचे पाइप सगळ्या खोल्यांत गेले होते. खुशी ताडकन उठून बसली. तिच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली.

"आजो...बा..."

एका हाताने पंप देता देता त्यांनी दुसऱ्या हाताने स्टॅनीला फोन लावला.

"काका, जाळीतून राख?" स्टॅनी ओरडलाच. "फिल्टर असेल तर कशी येईल? शेवटचा साफ कोणी केला?"

"कल्पेशनं. आमच्या इमारतीचा वायरमन. आपण होऊन आला होता."

"पेटी उघडा. आत्ताच्या आत्ता!"

सुधाकर पॅसेजमध्ये स्टुलावर चढले. हॉलमध्ये पन्नास टाळ्या एका ठेक्यात वाजत होत्या. त्यांनी झाकण खाली घेतले. फिल्टरची खाच मोकळी होती, आणि आतल्या ठोकळ्यावर राखेचा थर बसला होता.

"फिल्टर काढलाय, स्टॅनी. राख आहे नुसती, आणि धुपाचा वास."

"आणि ऐका, आत लावलेला धूप या जाळीतून परत येऊच शकत नाही. दोन हवा मिसळत नाहीत, सांगितलेलं ना? कोणीतरी बाहेरनं देतोय! आधी मशीन बंद करा!"

सुधाकरांचा हात खटक्यावर गेला आणि थबकला. पॅसेजच्या टोकाशी आशालताबाई उभ्या होत्या.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "अहो, पाया पडते. कोप होईल."

"कोप खोलीत चालू आहे, आशा. जाऊन तिचा श्वास ऐक."

त्यांनी खटका खाली पाडला. महिनोन्‌महिने घरात घुमणारी बारीक गुणगुण थांबली.

आशालताबाई खोलीत धावल्या. हॉलमध्ये महाराजांनी पुन्हा शंख फुंकला. जाळी कोरडी. आणखी एकदा. धुपाचा वासही येईना. पदर पसरलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"या घरात पाखंड शिरलं आहे!" महाराजांनी गर्दीवरून नजर फिरवली. "प्राण कोंडला गेला आहे!"

"मी यंत्र बंद केलं आहे," सुधाकर म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

घर खवळले. "ओ काका, वेड लागलं का?" "चालू करा ते!" एकाने त्यांच्या सदऱ्याला हात घातला. सुधाकर खटक्यासमोरून हलले नाहीत.

"महाराज, गेल्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, हे यंत्र नव्हे. मग विजेचं काय अडलं? प्राण तुमचा आहे. येऊ द्या."

गर्दीची नजर महाराजांकडे वळली. आता माघार नव्हती.

"येईल! येईलच!" त्यांनी गाल फुगवले आणि शंख असा फुंकला की भिंती दणाणल्या. एकदा. दोनदा. चारदा. घामाचे ओघळ दाढीत उतरले. जाळीतून कणही पडला नाही.

तोच स्वयंपाकघरातून शकूची आरोळी आली.

"आजी! ओ आजी! आग लागली का काय? भायेर धूरच धूर हाय! अन यो कोन उभा हाय?"

सगळे तिकडे धावले. ड्राय बाल्कनी धुराने भरून गेली होती. हातभर अंतरावर शेजारच्या ६०४ ची बाल्कनी. ते घर रिकामे होते आणि त्याची किल्ली वायरमन म्हणून कल्पेशकडे असे. आणि कल्पेशच कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून उभा होता. एका हातात धगधगते धुपाटणे, दुसऱ्या हातात राख भरलेला पावडरचा डबा, आणि डब्याचे तोंड पेडणेकरांच्या पाइपाच्या तोंडाशी. शंख ऐकू येईल तसतसा तो बिचारा धूप वाढवत होता. पण यंत्र बंद, ओढ थांबलेली, त्यामुळे सारा धूर त्याच्याच नाकातोंडात जात होता.

"महाराज," डोळे चोळत तो खोकला, "आत घेतच नाय ओ! किती टाकू अजून?"

समोर पन्नास चेहरे आहेत हे त्याला अंमळ उशिरा दिसले.

कुणीतरी हसले, पण ते हसू पुढे सरकले नाही. कारण झोपायच्या खोलीच्या दारात आशालताबाई उभ्या होत्या. खुशीचे डोके त्यांच्या खांद्यावर होते, आणि त्या शांततेत तिच्या छातीतली शिटी सर्वांना ऐकू येत होती.

महाराज जिन्याकडे सरकत होते. सोसायटीच्या दोघातिघांनी त्यांना अडवले आणि पोलिसांना फोन केला.

सुधाकर तबकापाशी आले. एकतीस वर्षे त्यांनी निष्कर्षासाठी दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे पाहिले होते.

"माझी नात बरी झाली होती हे खरं आहे," ते म्हणाले. "धूळ अडवणाऱ्या फिल्टरनं, ताज्या हवेनं आणि रोजच्या औषधानं. यांनी फिल्टर काढला, हवेत राख मिसळली, औषध बंद केलं. ती पुन्हा आजारी पडली. एवढंच आहे. हे मला आधी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, हा माझा दोष. तुम्ही विचारा. छतातून काही पडलं तर हात जोडण्याआधी छताच्या वर काय आहे ते बघा. देव त्यानं रागावणार नाही. आणि जो रागावेल, तो नक्की काहीतरी लपवत असेल."

सर्वांत आधी शकू पुढे झाली. तिने तबकातला आपला पंप उचलला, पदराने पुसला आणि कनवटीला लावला. "मंग मी काय येडी, पान्यात टाकाया निघालेली," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकेक हात पुढे आला.

सुधाकर आणि आशालताबाई खुशीला घेऊन दवाखान्यात गेले. औषधाचा वाफारा दिल्यावर तासाभराने तिची धाप ओसरली. ज्ञानदा स्टेशनवरून तशीच धावत आली, तेव्हा आशालताबाईंनी काही न लपवता सारे सांगितले. ज्ञानदाने आधी खुशीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग तिने सासूबाईंचा हात हातात घेतला.

दोन दिवसांनी स्टॅनी आला. त्याने पाइप झाडले, ठोकळा स्वच्छ केला, नवा फिल्टर बसवला. यंत्र पुन्हा गुणगुणू लागले.

"मावशी, एक उदबत्ती मिळेल?"

आशालताबाईंनी उदबत्ती पेटवली, पण त्याच्या हातात दिली नाही. त्या स्वतःच हॉलच्या जाळीखाली गेल्या आणि हात उंच करून धुराकडे पाहत राहिल्या.

"खाली येतोय," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर."

त्यांनी उदबत्ती नेऊन देव्हाऱ्यात खोचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने तीन महिने पुढे उलटली आणि एका तारखेभोवती पेनाने गोल काढून शेजारी लिहिले: फिल्टर.