जुन्या कॅसेटची खाच

"ज्या मुलाने एकदा आपल्यावर विश्वास टाकला, त्याला ही कंपनी जगाच्या अंतापर्यंत अंतर देणार नाही!" क्योतोतल्या त्या कंपनीच्या अध्यक्षांनी सकाळच्या सभेत अशी घोषणा केली, कागद उलटला आणि पुढची ओळ वाचली. हातात धरून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणं आजपासून बंद. यापुढे कंपनी भाताच्या कुकरची बटणं बनवील. टाळ्या पहिल्याच वाक्याला सुरू झाल्या होत्या. त्या मध्येच थांबवणं उद्धटपणाचं दिसलं असतं, म्हणून लोकांनी त्या शेवटपर्यंत वाजवल्या.

सगळ्यांत नेटाने वाजवल्या यंत्रविभागाचा प्रमुख काजितानी याने. यंत्र बुडवलं होतं ते त्यानेच. हे त्याला कुणीही बोलून दाखवत नव्हतं, उलट सगळे वाकून नमस्कार करत होते. शिव्या परवडल्या असत्या.

झालं होतं ते असं. नदीपलीकडच्या कंपनीने नवं यंत्र काढलं, रंगीत पडद्याचं, सडपातळ. (त्या कंपनीचं नाव या इमारतीत कुणी घेत नसे, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं.) यांचंही यंत्र तयार होतं, पण त्यात जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या. तिथे काजितानी अडून बसला.

"साहेब," त्याच्या हाताखालचा हातानो म्हणाला, "मुलं नवं यंत्र घेतात ते नव्या खेळासाठी. जुनं त्यांना हवंय कुठे?"

"ज्यांनी आपल्या जुन्या कॅसेटी जपून ठेवल्यात, त्यांना वाऱ्यावर सोडायचं?"

"वाक्य छान आहे, साहेब. पण डिसेंबर येतोय."

काजितानीने ऐकलं नाही. 'ज्यांनी' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच मुलगी होती, त्याची कोझुए. तिच्या वर्गात सगळ्यांकडे नदीपलीकडचं यंत्र आलं होतं. ही एकटी बापाच्या कंपनीचं जुनं यंत्र धरून बसली होती, कारण बापाने शब्द दिला होता: "थोडं थांब. तुझ्या सगळ्या कॅसेटी नव्यावर चालतील. मग बघ, अख्खा वर्ग आपल्याकडे येतो की नाही."

जुन्या कॅसेटींसाठी दुसरी खाच आली. खाचेमागे दुसरी चिप आली, चिपेपायी बॅटरी वाढली, आणि यंत्र जेवणाच्या डब्याएवढं झालं. तेही चाललं असतं. पण एवढ्या उठाठेवीत नववर्ष हुकलं. पहिल्या जानेवारीला आजी-आजोबा नि काका-मामा पोरांच्या हाती पैशांची पाकिटं ठेवतात, आणि पोरं ती लगेच खेळण्यांच्या दुकानात रिकामी करतात. यांचं यंत्र दुकानात पोचलं तेव्हा देशभरातली पाकिटं रिकामी झाली होती. डबा कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही.

सभेनंतर काजितानी संध्याकाळपर्यंत कुकरच्या बटणांचे नमुने बघत बसला. परतताना बसमध्ये त्याने मुलीपुढे करायचं भाषण मनात घोटलं.

घरी फुसाए मुळा सोलत होती.

"अहो, कोट तरी काढा आधी."

"कोझुए कुठंय?"

"आत. वर्गातल्या नागिसाशी खेळतेय."

"नागिसा आलीय?" काजितानीला बरं वाटलं. मग त्याने दाराकडे पाहिलं. दारात लहान बूट कोझुएचेच तेवढे होते.

फुसाए मान वर न करता म्हणाली, "सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला नाही जमत."

कोझुए कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून बसली होती. तिच्यापुढे दोन यंत्रं होती, उजवीकडे नवं नि डावीकडे जुनं, मध्ये वायर. दोन्हींत एकाच जुन्या खेळाच्या कॅसेटी. ती उजव्या यंत्रावर चार बटणं दाबायची, ते ठेवायची, डावं उचलायची, त्यावर चार दाबायची. जुनं नि नवं एकमेकांशी बिनचूक बोलत होतं. कुठे अडखळ नाही, कुठे खंड नाही. अख्ख्या जपानात ती खाच कुणी वापरली असेल तर ती इथे.

"नवं माझं," कोझुएने न विचारता सांगितलं. "जुनं नागिसाचं."

"नागिसा कधी येते गं?"

"येत नाही. तिच्याकडे ते दुसरं आहे ना. त्याला आपली वायर बसत नाही." तिने डावं यंत्र उचललं. "पण ती असती तर असंच खेळली असती. घाई करते, म्हणून हरते. मी मुद्दाम नाही हरवत तिला."

काजितानी तिच्यासमोर गुडघे मोडून ताठ बसला. हात चटईवर टेकले.

"कोझुए, बाबाने तुला शब्द दिला होता. तो मोडला. आपलं यंत्र बंद झालं. नवा खेळ आता येणार नाही. वर्गातलंही कुणी येणार नाही. मी तुला थांबायला लावलं, तुझी वर्षं घालवली…" पुढचं बसमध्ये चोख जमलं होतं. त्याने कपाळ चटईला टेकवलं आणि तसाच राहिला.

बटणांचा आवाज थांबला.

"बाबा," कोझुए हळूच म्हणाली.

"बोल बाळा."

"थोडं बाजूला सरकता का? उजेड अडतोय. नागिसाला दिसत नाहीये."