ट्रॉलीच्या हिशोबानं

रामकिशन गाडीच्या मागच्या उघड्या दाराला लोंबकळला आणि त्यानं पाय वर घेतले. दार हललं नाही.

"आता?" वेल्डिंगवाल्या जहांगीरभाईनं चष्मा कपाळावर सारला.

"अजून एक माणूस लटकवा."

ढाब्यावरचा धर्मसिंग आला, तोही लटकला. दोघं लोंबकळतच पावसापाण्याचं बोलले.

ही लांबडी इस्टेट गाडी म्हणजे सखुबाईचं दुकान. मागचं दार छपरासारखं वर उघडायचं, त्याच्या सावलीत बसून लसूण विकायचा. पण दार वर तोलून धरणाऱ्या शॉकअपच्या बैठकीचा पत्रा गंजून फाटला आणि भर बाजारात दार तिच्या खांद्यावर आलं. "या दाराखाली मी पुन्हा बसायची न्हाई," ती नवऱ्याला, रामकिशनला म्हणाली. तेव्हापासून ती टोपलं घेऊन एसटीनं हिंगोलीला जायची. रामकिशन रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागं मागं.

जहांगीरभाईनं जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधल्या होत्या. हलकं काम त्याला अपमानासारखं वाटे. कुजका पत्रा कापून त्यानं आतून-बाहेरून ट्रॉलीच्या जाड पट्ट्या वेल्डिंग केल्या, वर भंगारातल्या मिनीबसचे शॉकअप बसवले.

हिंगोलीहून येणारी एसटी कनेरगाव नाक्यावर, जहांगीरभाईच्या वर्कशॉपसमोर थांबली. सखुबाई उतरली, टोपलं खाली ठेवून तिनं दाराकडं पाहिलं.

"आता हत्ती बांधला तरी पडायचं न्हाई," रामकिशन म्हणाला. त्याची छाती शर्टात मावत नव्हती.

"लावून दाखवा."

रामकिशननं दार खाली ओढलं. मग जहांगीरभाईनं हात लावला, मग धर्मसिंगनं. दार वीतभर खाली आलं, क्षणभर थांबलं आणि तिघांनाही अलगद वर घेऊन गेलं.

"उघडं राहायचं काम सांगितलं व्हतं वैनी," जहांगीरभाई चवड्यांवर उभा राहून म्हणाला. "लावायचं कुणी बोललंच न्हाई."

सखुबाईनं पदर तोंडाला लावला. मग टोपलं गाडीत सरकवलं आणि दाराखाली, मागं तोंड करून, पाय बाहेर सोडून बसली.

"पुढं बस की," रामकिशन कसाबसा म्हणाला.

"मग टोपलं कोण धरंल?"

तिचं मन बदलायच्या आत त्यानं गाडी पळवली. गावाच्या तोंडाशी मागून पत्रा वाजला. त्यानं घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं? दार आलं का?"

"काहून पळवून राहिले?" सखुबाई पत्र्यावर थापटणारा हात काढून पदर नीट करत म्हणाली. "हळू घ्या. लोकायला दिसू द्या."