मुद्दाम चुकण्याची सवय

खडूचा निळा तुकडा मधोमध इतका झिजला होता की क्यूच्या काठीचं टोक त्यात आपोआप बसत होतं, आणि पॉल ते उगाचच फिरवत राहिला होता... घाई नव्हतीच. शुक्रवारची दुपार, आखातातल्या जुफैर भागातल्या हॉटेलातला अर्धा रिकामा बार, आणि पूलच्या छोट्या टेबलावर सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं. पहिला डाव दहा दिनारचा, तो हरायचा. मग त्याचा जोडीदार डिलन पैज वाढवणार, आणि दुसरा जिंकायचा, तोही नशिबानं जिंकल्यासारखा. नव्यानं आलेली माणसं गाठून दोघं अठरा वर्षं हेच करत आले होते.

आजचं नवं माणूस म्हणजे ग्लेनिस. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, वसईची, येऊन जेमतेम दोन महिने झालेली. खेळायची मात्र सुरेख. तिचा शेवटचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता, ती वाकली, नेम धरला — आणि उभी राहिली.

"माझी बाही लागली बॉलला," ती म्हणाली. "फाउल."

कुणीच पाहिलं नव्हतं. पॉलनंही नाही.

नियमानं पांढरा बॉल आता त्याच्या हातात आला. हवा तिथे ठेवायचा. त्याचा सात नंबर बाकी होता, मग काळा आठ घातला की डाव त्याचा. नेहमीचा पॉल बॉल असा ठेवायचा, की प्रयत्न खरा दिसावा आणि शॉट केसभर हुकावा. त्याला हे इतकं छान जमायचं, की रीटाखेरीज कुणालाच ते कळलं नव्हतं... रीटा, त्याची बायको, लग्नानंतर एकदाच खेळ बघायला आली होती. झिंज भागातल्या घरी परतल्यावर जिना चढता चढता म्हणाली होती, "तुला मुद्दाम हरताना बघायला मी परत येणार नाही." तो हसला होता तेव्हा. नंतर कितीदा वाटलं, तिला एकदा खरा खेळ दाखवावा — पण खरा म्हणजे कुठला? जिंकतानाही तो अडखळल्याचं सोंग करायचा. पूर्ण ताकदीनं, काहीही न लपवता, शेवटचं कधी खेळलो होतो मी? आठवेना.

त्यानं पांढरा बॉल सरळ साताच्या रेषेत ठेवला.

डिलन खोकला. मग पुन्हा खोकला.

सात नंबर पॉकेटात इतक्या हलक्या आवाजात पडला, की ग्लेनिसनं हातातला ग्लास खाली ठेवला. ती टेबलाकडे नाही, त्याच्याकडे पाहत होती.

"आतापर्यंत मला खेळवत होतात ना तुम्ही?"

"हो," पॉल म्हणाला. इतकं सोपं होतं ते.

डिलन रागावणार, बारमध्ये बोभाटा होणार, यापुढे कुणी नवखा त्यांच्याशी पैज लावणार नाही — हे सगळं त्याला दिसत होतं, पण लांबून, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. समोर फक्त काळा बॉल, टेबलाच्या पार त्या टोकाला, कडेला चिकटलेला. अवघड शॉट. चुकला तर? ...आणि त्याच्या लक्षात आलं, की हा प्रश्न अठरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. चुकणं नेहमी त्याच्या ताब्यात असायचं. आता तळहाताला घाम सुटला होता, छातीत धडधडत होतं, तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा इथं खेळायला उभा राहिला होता तसं. रीटाला आज सांगायचं, त्यानं ठरवलं, जिंकलो काय नि हरलो काय.

तो वाकला. कुठं हुकवायचं ते न ठरवता त्यानं नेम धरला.