नवरा बोटीवर असताना

स्त्रीबीजं काढली त्याच्या तिसऱ्या दिवशी सिटी बसच्या ड्रायव्हरीणबाईंना गणवेशाची पँट कमरेला लागेना. पोट टम्म फुगलेलं, जिना चढताना धाप. तरी मनात उकळ्या फुटत होत्या. प्रयोगशाळेत चार भ्रूणं चांगली वाढत होती आणि नवऱ्याची बोट सुटायला अजून सहा दिवस होते. तो बोटीवर इंजिनियर, गेला की पाच महिने परत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. "अंडाशयं सुजलीत, पोटात पाणी साठलंय. आत्ता भ्रूण गर्भाशयात सोडलं आणि दिवस राहिले, तर त्रास फार वाढेल. चारही गोठवू या. दोन महिन्यांनी बघू."

नवऱ्याचा चेहरा पडला. "मी असताना व्हावं असं वाटत होतं."

बरोबर आलेल्या नणंदेला राहवेना. "ताजं सोडून शिळं कशाला?"

"शिळं होत नाही ते. काही जणींना लगेच सोडलेलं चालतं, हिला नाही. वितळवताना एखादं दगावू शकतं, हेही आत्ताच सांगते."

तिघं घरी आली. दारात चपला काढता काढता तिनं विषय संपवला. "हे पोट मी वागवतेय. तू बोटीवर जा. मी थांबणार."

"एकटी?"

"ताई आहेत की. बोलतात कडू, पण येतात वेळेवर."

नणंदेनं डोळे वटारले, पण नाही म्हणाली नाही.

दोन महिन्यांनी पहिलं भ्रूण सोडलं. बाराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला: नाही. नणंद ढसाढसा रडली. ही तोंड धुऊन दुपारच्या पाळीला गेली. थांब्याथांब्यावर दार उघडत, मिटत राहिली. संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला.

"तेव्हाच सोडलं असतं तर?"

"तर मी कदाचित दवाखान्यात पडले असते. तीन आहेत अजून. पुढची तारीख घेतलीये."

"थकली नाहीस?"

"थकलेय. तारीख तीच राहील."

दुसऱ्या खेपेला वितळवताना एक दगावलं, एक तगलं. तेच सोडलं. या वेळी रिपोर्टवर नणंदेनंच आधी झडप घातली, पण चष्मा घरी राहिलेला.

"काय लिहिलंय गं? सांग ना!"

"दिवस राहिलेत, ताई."

नणंदेनं रिपोर्टची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. ड्रायव्हरीणबाईंनी दवाखान्याच्या टेबलावरून कोरा कागद मागून घेतला आणि डेपोच्या साहेबांना बस चालवण्याऐवजी कचेरीतलं काम मागणारा अर्ज लिहायला घेतला.