नागमोडी रचाई

माझी ताई कशापायी गेली हे मला कुणी विचारू नये, कारण एकदा तोंड उघडलं की माझं मिटत नाही. पण तुम्ही विचारलंच आहे, तर बसा आणि ऐका.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मला नवऱ्याने टाकलं तेव्हा हिनेच मला आपल्या घरी आणलं, आणि तेव्हापासून मी त्यांच्या वीटभट्टीवरच्या माणसांचा स्वयंपाक करते. घर भट्टीला लागूनच. सुरुवातीच्या वर्षांत धूर इतका की ताट वाढून पाठ वळवली की त्यावर काजळी बसायची. त्या धुराने ताईची छाती धरली. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण धूर तुम्हालाच थांबवावा लागेल.

भाऊजी पहिल्यापासून मुखदुर्बळ. "बरं," एवढंच म्हणाले. मग मालक असून कुठल्याशा लांबच्या भट्टीवर जाऊन मजुरासारखे राबले आणि नवी रचाई शिकून आले. कच्च्या विटा सरळ रांगेत रचायच्या नाहीत, नागमोडी रचायच्या. मग आच सुसाट निघून जात नाही, वळणं घेत जाते, कोळसा पुरता जळतो. धुराडंही त्यांनी उंच करून घेतलं. आजूबाजूचे भट्टीवाले खो खो हसले. "बायको खोकली म्हणून याने भट्टी पाडली!" हसेनात बापडे. आमचा कोळसा कितीतरी कमी लागायला लागला, धूर विरळ झाला, आणि ताई बिनधास्त अंगणात पांढऱ्या चादरी वाळत घालायला लागली. बायकोसाठी दागिने करणारे नवरे मी पाहिलेत. भट्टी बदलणारा एवढा एकच पाहिला.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग ती योजना आली.

योजनेच्या मॅडम गाडीतून उतरल्या, डोक्यावर पांढरं हेल्मेट, स्वभावाने गोड. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. परदेशातल्या एका देशाचा आणि आपल्या सरकारचा करार झालाय. ते भट्टीत हवा खेळवणारे पंखे देणार, यंत्रं देणार, कारागिरांना शिकवणार. त्यामुळे आपल्या भट्ट्यांचा धूर जेवढा कमी होईल, तेवढा मोजायचा आणि ते श्रेय दोन्ही देशांनी वाटून घ्यायचं.

मी म्हटलं, "म्हणजे पथ्य आम्ही पाळायचं आणि तब्येत त्यांची सुधारायची?"

मॅडम हसल्या. "दोघांचीही सुधारते, मावशी." मग भट्टीवर चढून त्यांनी रचाई पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, तुमची भट्टी फार छान आहे. पण म्हणूनच तुम्हाला घेता येणार नाही. इथे कमी करण्यासारखं काही उरलंच नाही. आधी जास्त धूर असेल तरच तो कमी केल्याचं दाखवता येतं."

"म्हणजे ज्यांनी इतकी वर्षं गावाला काळं केलं त्यांना बक्षीस, आणि ज्याने स्वतःच्या खिशातून सुधारलं त्याला ठेंगा? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच की!"

"मावशी, जीभ आवर," ताई म्हणाली. सगळे मला मावशीच म्हणतात, ताईसुद्धा. भाऊजी आपले "बरं" म्हणाले.

पण पुढचा हंगाम आला आणि ते बरं काही बरं नव्हतं. आजूबाजूच्या भट्ट्यांना पंखे मिळाले, प्रमाणपत्रं मिळाली. मोठमोठे बांधकामवाले त्या प्रमाणपत्राची वीट मागायला लागले. आमची वीट तशीच खणखणीत, पण तिच्यावर शिक्का नाही. थप्प्या उघड्यावर पडून राहिल्या. रचणारे दोघं शेजारच्या भट्टीवर गेले. भट्टी विकावी लागणार हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

बोलला तो माझा भाचा. ताईचा एकुलता एक मुलगा, हुशार, पण घाईचा. जेवता जेवता म्हणाला, "बाबा, योजनेची दुसरी फेरी निघालीय. एक हंगाम आपण सरळ रांगेत रचू या. धूर होईल, तो मोजतील. मग पंखा येईल, मग पुन्हा नागमोडी. भट्टी वाचेल."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "आणि तुझ्या आईच्या छातीचं काय रे? ती काय भाड्याने आणलीय?"

"आईला एक हंगाम तू दुसरीकडे घेऊन जा, मावशी."

"कुठे नेऊ? माझं कुठलं घर?"

भाऊजी ताटावरून उठले. एवढ्या वर्षांत मी त्यांना जेवण अर्धं टाकताना पाहिलं नव्हतं. "मला ते जमायचं नाही," म्हणाले आणि बाहेर गेले.

हा विषय तिथेच मिटला असता. मिटू दिला नाही तो ताईने. तिने भाऊजींना समजावलं, मला गप्प केलं, मुलाची बाजू घेतली. "एक हंगाम तर आहे. मी काय मेणाची आहे? भट्टी विकून तुम्ही दुसऱ्याच्या दारात रचायला जाणार, ते बघत मी श्वास घेऊ? आणि मी कुठेही जाणार नाही. माझं घर हे आहे." तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. दिसायला काडी, पण हट्ट पहाडाएवढा.

शेवटी भाऊजींनी स्वतःच रचायला घेतलं. मुलगा म्हणाला, मी करतो, तर म्हणाले, "नको. वाकडं काम असलं तरी ते नीट झालं पाहिजे, नाहीतर वरून ढासळेल आणि कुणीतरी मरेल." मी डबा घेऊन गेले तेव्हा पाहिलं. त्यांचे हात सवयीने वळण घ्यायला जात, मग थांबत, वीट काढून पुन्हा सरळ लावत. आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी डबा ठेवला आणि परत आले. मलाही रडू आवरेना.

भट्टी पेटली आणि धूर सुटला. काळा, जड. वारा पडला की थेट घरावर. मी दारं लावली, फटींत ओले फडके कोंबले, ताईच्या तोंडावर ओला रुमाल धरला. मॅडम यंत्र घेऊन मोजायला आल्या. धुराकडे पाहिलं, रचाईकडे पाहिलं. त्यांना कळलं नसेल? त्यांनीच तर ती छान भट्टी पाहिली होती. पण त्यांनाही वरून सांगितलं होतं, इतक्या भट्ट्या भरा. त्यांनी खाली मान घालून आकडे लिहून घेतले. आत खोकला चालू होता. तो काही त्यांच्या यंत्रात मोजला जात नव्हता.

भाऊजी रोज म्हणत, "विझवतो." ताई रोज म्हणे, "अजून थोडं राहिलंय." शेवटी तिला बोलणंही होईना, तेव्हा नुसता हात हलवून नको म्हणायची. हंगाम संपत आला होता. हॉस्पिटलात नेलं. तिथल्या स्वच्छ हवेत, नळी लावलेली असताना ती गेली. माझा हात तिच्या हातात होता. मला म्हणायचं होतं, ताई, तू वेडी आहेस. म्हटलं नाही.

योजनेत आमचा नंबर लागला. पंखा आला, यंत्रं आली. रचाई पुन्हा नागमोडी झाली, ती मात्र दुसऱ्यांनी केली. भाऊजी भट्टीवर चढेनात. जेवण म्हणजे दोन घास, तेही मी समोर बसले तर. माझा भाचा माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मीही त्याला सोडलं नाही, वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तू बोल. बाबा काहीच बोलत नाहीत, ते सहन होत नाही." त्यानंतर माझ्याने फार बोलवलं नाही. पोर तरी कुणाचं? तिचंच ना.

मग परदेशचे साहेब भट्टी बघायला आले. म्हातारे, सालस. मंडप, खुर्च्या, सगळे भट्टीवाले हजर. मॅडम दुभाष्या. सगळ्या भट्ट्यांत धुराची सगळ्यांत जास्त बचत आमच्या भट्टीने केली, असं जाहीर झालं. होणारच! जेवढं काळं केलं, तेवढं पांढरं दिसणार. साहेबांनी भाऊजींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

भाऊजी उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "ही भट्टी आधी अशीच चांगली होती. माझी बायको खोकायची, म्हणून मी ती सुधारली होती. मग तुमच्या योजनेत यायला मी ती माझ्या हाताने बिघडवली. त्या धुरात ती गेली. तुम्ही बचत म्हणता, ती तिच्या श्वासाची आहे. मला बक्षीस देऊ नका. एवढंच सांगायचं होतं."

उभ्या जन्मात ते एवढं बोलले नसतील. भाच्याने तोंड ओंजळीत झाकून घेतलं. भट्टीवाले जमिनीकडे बघत राहिले. साहेब मॅडमकडे बघून थांबले. मॅडमनी एकदा भाऊजींकडे पाहिलं. मग त्या साहेबांकडे वळून काहीतरी बोलल्या. अगदी थोडकं. एका श्वासात संपलं.

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात हातात घेतले, हसत मान लववली आणि टाळ्या वाजवल्या. ते वाजवतात म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवल्या. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिरीमिरीत उठले. वाटलं, जावं आणि त्या बाईच्या झिंज्या धराव्यात, साहेबाला खुणांनी तरी सांगावं. तेवढ्यात भाऊजी माझ्याकडे आले. डोळे ओले, पण खांदे सैल झालेले, जणू पाठीवरचं पोतं उतरलंय. किती दिवसांनी मी त्यांना असं सरळ चालताना पाहत होते.

"ऐकून घेतलं गं साहेबांनी," ते म्हणाले. "सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. हात धरला माझा. मोठा माणूस आहे."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं.

"चल घरी," ते म्हणाले. "पानं घे. आज भूक लागलीय."

"हो भाऊजी," मी म्हटलं. "ऐकलं त्यांनी सगळं." आणि घरी जाऊन त्यांना वाढलं.