धूसर न झालेले चेहरे

फोटोंवर काम करणाऱ्या आमच्या पायथॉन लायब्ररीत, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचात, एक खोड होती. फोटो कापा, उजळवा, धूसर करा, प्रत्येक कामाला वेगळी ओळ लिहायची. फंक्शन काही परत देत नसे, दिलेला फोटोच बदलून ठेवायचं. माझा सहकारी शाओ-च्येन, त्याला हे भारी खुपायचं. "एकाला एक जोडून सगळं एका दमात झालं पाहिजे," म्हणून त्याने माझं डोकं खाल्लं आणि शेवटी सगळी फंक्शनं नव्याने लिहिली. आता मूळ फोटोला हात न लावता बदललेली प्रत परत मिळायची. काम देखणं होतं, उगाच नावं ठेवणार नाही.

नवी आवृत्ती सोडायच्या दिवशी मी तैवानच्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरवर खाऊचा हिरवा पुडा ठेवला. यंत्रं शहाण्यासारखी वागतात म्हणे.

"तारीख बघितलीस ना गं? शिळा ठेवशील आणि खापर माझ्यावर फुटेल," शाओ-च्येन म्हणाला.

"ताजा आहे. तू तुझ्या कोडचं बघ."

आमच्याच ताइचुंग शहरात फान ताई नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायकांना आसरा देते. तिच्या वेबसाइटवर जाणाऱ्या फोटोंतले चेहरे धूसर करणारा प्रोग्राम शाओ-च्येननेच तिला हौसेने लिहून दिला होता, जुन्या पद्धतीने. तिचा कॉम्प्युटर नवी आवृत्ती आपोआप घेतो, हे हा पठ्ठ्या साफ विसरला.

प्रोग्राम अडला असता तर बरं झालं असतं. तो बिनबोभाट चालला. धूसर प्रत परत आली, ती जुन्या ओळींनी उचललीच नाही, आणि मूळ फोटो जसाच्या तसा वेबसाइटवर चढला. त्या फोटोत बायका तांगयुआनच्या, तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्या वळत होत्या. मधोमध ताईकडे आसऱ्याला आलेली सुयुन आणि तिची लेक, दोघी हसत होत्या.

फान ताईचा फोन आला तेव्हा शाओ-च्येन लोकांची कौतुकं वाचत बसला होता.

"अरे, सुयुनचा नवरा दारात आला होता. हातात आपल्याच वेबसाइटवरचा फोटो. ती मागच्या दाराने पोरीला घेऊन पळाली. चपलासुद्धा घातल्या नाहीत रे."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. त्याने सगळं पूर्ववत केलं. फोटो निघाला, पण तोवर नवऱ्याने तो गावभर पाठवला होता.

संध्याकाळी त्याने ताईला पुन्हा फोन लावला. "ताई, ती कुठे असेल? मी गाडी घेऊन जातो, शोधतो."

"मला ठाऊक नाही," ताई म्हणाली. "आणि असतं ना, तरी तुला सांगितलं नसतं."