रेक्सची सकाळ

"सकाळी दहाला? शक्यच नाही," नोएला फोनवर म्हणाली. "दहाला तो माणसातच नसतो. जन्मात कधी नव्हता. तुम्ही सूर्य मावळताना या."

पलीकडून बरीच समजूत घातली गेली असावी. नोएलाने ती डोळे मिटून ऐकून घेतली आणि पुन्हा म्हणाली, "मावळतानाच या."

मी तिच्या स्वयंपाकघरात लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा केक, खात बसले होते. तिची शेजारीण म्हणून मला त्या घरात काही विचारावं लागत नाही. फोन वृद्धांची देखभाल बघणाऱ्या कचेरीचा होता. तिच्या नवऱ्याला, रेक्सला, घरी राहू द्यायचं की शहरातल्या आश्रमात हलवायचं, हे तिथल्या बाई ठरवणार होत्या.

तशी वेळही आली होती. महिन्यापूर्वी रेक्स संध्याकाळी उठला, कोट घातला, डबा घेतला आणि डोंगरावर कामाला निघाला. निवृत्त होऊन त्याला कैक वर्षं झाली होती. अंधार पडल्यावर एका ट्रकवाल्याला तो रस्त्याच्या मधोमध सापडला, आजूबाजूला कांगारू. त्यानंतर त्या बाई एकदा येऊन गेल्या, त्या नेमक्या सकाळी. साल कुठलं, वार कुठला, त्यांनी विचारलं, आणि रेक्स खुर्चीत पेंगत राहिला. त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं. नोएला हट्टाला पेटली आणि तिने पुन्हा तपासणी मागितली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. रेक्स डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर मदतनीस होता. देशोदेशीचे शास्त्रज्ञ यायचे, ते सांगतील त्या ताऱ्याकडे हा दुर्बीण वळवायचा. दिवस मावळताना जायचा, उजाडताना परत यायचा. घराला जाड पडदे, दुपारभर सगळं चिडीचूप. त्या घरातली मुलं भांडायचीसुद्धा कुजबुजत. तो निघायच्या आधी दोघं एकत्र टेबलाशी बसायची. तिचं ते रात्रीचं जेवण, त्याची ती न्याहारी. नवराबायको म्हणून त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच, पण त्या वेळात मी कधी त्यांच्याकडे गेले नाही. जावंसं वाटायचं नाही, इतकी ती एकमेकांत असायची.

ठरल्या दिवशी मावळतीला कचेरीतल्या त्याच बाई, शेरिलबाई, आल्या. दमलेल्या होत्या, पण माणूस वाईट नव्हता. दारातच म्हणाल्या, "खरं सांगू का, असे पेशंट संध्याकाळी जास्त बिथरतात."

"बिथरत असतील," नोएला म्हणाली. "हा नाही बिथरत."

आणि रेक्स आतून आला तो दाढी करून, केस विंचरून. बाईंना बघून म्हणाला, "नवीन दिसता. कुठल्या विद्यापीठाच्या?"

माझ्या शेजारी बसलेली नोएला एकदम ताठ झाली.

"मी गप्पा मारायला आलेय," शेरिलबाई हसून म्हणाल्या. "कुठलं साल चालू आहे, सांगाल?"

"कॅलेंडरं काय, कचेरीतली माणसं ठेवतात," रेक्स म्हणाला. बाईंच्या पेनाने टिपून घेतलं. मग बहुधा दया येऊन त्यांनी विचारलं, "बरं, कामावर गेलात की पहिल्यांदा काय करायचात?"

"श्वेत बटू गाठायचा," रेक्स म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. "म्हणजे म्हातारा तारा. त्याचा उजेड कमीजास्त होत नाही. आधी तो मोजायचा, मग बाकीच्यांना त्याचं माप लावायचं. आपला सूर्यही एक दिवस तसाच होणार."

"फुटून?"

"सगळ्यांना फुटायलाच हवं असतं!" तो खदखदून हसला. "तेवढा तो मोठाच नाही, बाई. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तो फुगणार, तांबडालाल होणार. बुध, शुक्र पोटात जातील. आपलंही काही खरं नाही. मग अंगावरची हवा थोडीथोडी सोडून देईल. मागे उरेल तो नुसता गाभा. पृथ्वीएवढा जेमतेम, पण निम्म्या सूर्याचं वजन त्यात दाबलेलं. चमचाभर उचलायचा तर क्रेन आणा."

"आणि मग तो जळत राहतो?"

"नाही ना. जाळायला काही उरलेलंच नसतं. आधीची धग असते, तिच्यावर उजेड देतो. निवायला अब्जावधी वर्षं लागतात. घाई नाही त्याला."

शेरिलबाईंचं पेन केव्हाच थांबलं होतं. त्यांनी नोएलाकडे बघून मान हलवली, कौतुकाने. नोएलाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी तिच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. जिंकलो, असं मलाही वाटलं.

"चहा घेऊनच जा," रेक्स बाईंना म्हणाला. "बायको येईलच एवढ्यात." मग तो नोएलाकडे वळला, अगदी अदबीने. "बाई, तुम्हीही थांबा ना. नोएलाला बरं वाटेल तुम्हाला भेटून."

बाहेर काकाकुवे ओरडत होते.

"कुठे गेलीय ती?" नोएलाने विचारलं.

"दुकानात असेल. मी निघायच्या आत येते. तिला भेटल्याशिवाय मी कधी गेलेलो नाही."

"बरं. थांबते मी."

शेरिलबाई नोएलाकडे झुकून हळूच म्हणाल्या, "एवढ्यातेवढ्याने काही होत नाही. बाकी ते छान बोलले. मी तसं लिहू शकते."

"नको. हे लिहा," नोएला म्हणाली. "माझ्या भरवशावर तुम्ही त्याला इथे ठेवणार. मी म्हटलं, नको जाऊस, तर तो ऐकेल म्हणून. पण त्याच्या लेखी मी घरात नाहीच."

मला तिथे बसवेना. मी उगाच उठून चहाचे कप काढू लागले.

रेक्सने खिडकीतून आभाळ पाहिलं आणि तो उठला. "उशीर झाला. बाई, तिला एक निरोप द्याल?"

"देते की. काय सांगू?"

"म्हणावं, जेवून घे. माझ्यासाठी ताटकळू नकोस."

"सांगते."

नोएलाने खुंटीवरचा कोट आणून त्याला घातला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि विचारलं, "मी येऊ थोडं बरोबर? माझाही रस्ता तोच आहे."

"या की," तो म्हणाला.

शेरिलबाई आणि मी व्हरांड्यात उभ्या राहिलो. दोघं निलगिरीच्या झाडांखालून डोंगराकडे चालली होती. तो आभाळाकडे हात करून काही समजावत होता, आणि ती ऐकत होती. परक्या बाईबरोबर चालताना सभ्य माणूस ठेवतो तेवढं अंतर त्याने मध्ये ठेवलं होतं.